हाडीचा होकार आणि कावेरीअक्का

वकील कावेरीबाई हंचाटे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते देवराज मोहल्ल्यात, एका शिंप्याच्या दुकानावर असलेल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कचेरीत. वकिलीची सनद हातात पडून मला पंधरा दिवस झाले होते. आमचं घर मंडी मोहल्ल्यातलं. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसणारे. कोर्टाची पायरी चढणारा घरातला मीच पहिला. वडिलांनी ओळखीची चिठ्ठी दिली होती. ती न उघडताच अक्कांनी बाजूला ठेवली. समोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या मळ्याच्या खरेदीखताचा मसुदा माझ्या हातात देऊन अक्का म्हणाल्या, "हे अज्जांना वाचून दाखव."

मी अस्खलित कन्नडमध्ये, एका दमात वाचून टाकलं. अज्जा मान हलवत "हूं, हूं" म्हणत होते.

"त्यांना कळलं?" अक्कांनी विचारलं.

"हो. हूं म्हणाले की."

"हूं म्हणजे काय, ते त्यांनाच विचार."

मी विचारलं. अज्जा संकोचून म्हणाले, "तुमचा घसा सुकला असेल बाळा. लवकर संपावं म्हणून म्हणत होतो."

मग मी पुन्हा, एकेक ओळ थांबून वाचलं. तिसऱ्या पानावर अज्जांनी हात वर केला. मळ्याबरोबर विहीरही विकली जात होती, आणि विहीर विकायचं त्यांनी कधी कबूलच केलं नव्हतं. अक्का माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "सरि, ठीक आहे. उद्यापासून ये."

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. यंदा अक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या कामावर मी लिहावं असं या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सांगितलं. मी लगेच होकार दिला आणि मग महिनाभर अडकून बसलो. अडचण माहितीची नव्हती. अक्कांच्या आयुष्यातलं जे काम मला सर्वांत मोठं वाटतं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. गौरवलेख लिहिणाऱ्याने असं कबूल करावं की नाही, हेही मला ठाऊक नाही. घडलं तसं सांगतो.

अक्का रंगाऱ्यांच्या घरातल्या. वडिलांचे हात कोपरापर्यंत निळे असत, असं त्या सांगतात. घरात मराठी, पण अर्ध्या वाक्यावर कन्नडमध्ये शिरणारी, म्हैसुरातल्या तुमच्याआमच्या मराठी घरांसारखीच. शाळेत मराठी कधी शिकल्या नाहीत. कोर्टात मात्र त्यांची कन्नड ऐकायला दुसऱ्या खोलीतले वकील येऊन उभे राहत. पैसेवाल्यांची कामं त्यांना मिळाली नाहीत असं नाही. त्या ती फार दिवस ठेवत नसत. जंगलाच्या कडेला, म्हैसूरहून बसने तीन तासांवर, जेनू कुरुबांच्या वस्त्या आहेत. तिकडे वस्तीला हाडी म्हणतात. रानातला मध काढणारी ही माणसं. अशाच एका हाडीतून एक दिवस पुट्टम्मा नावाच्या बाई कचेरीत आल्या. त्यांच्याजवळ एक झेरॉक्स होती.

हाडीजवळच्या तळ्याकाठी एका कंपनीला पर्यटकांसाठी निवास बांधायचा होता. जमीन वनहक्क कायद्याखाली हाडीच्या सामूहिक हक्काची. ग्रामसभेच्या संमतीशिवाय तिथे काही करता येणार नव्हतं. आणि ती संमती झाली होती, असं झेरॉक्स सांगत होती. खाली रांगेने अंगठे होते.

"यात तुमचा कुठला?" अक्कांनी विचारलं.

पुट्टम्मांनी बोट ठेवलं. "हा असेल. मच्छरदाणी देताना घेतला होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही हाडीत गेलो. अक्का घरोघरी बसल्या. एकालाही त्यांनी "तुम्हाला फसवलं का?" असं विचारलं नाही. त्या विचारायच्या, "हा अंगठा दिला त्या दिवशी काय काय झालं, सगळं सांगा." कोणी सांगितलं, पाऊस होता. कोणी सांगितलं, मच्छरदाण्या निळ्या होत्या, दोन फाटक्या निघाल्या. निवासाचं नाव कोणाच्याच तोंडी आलं नाही. हाडीचे यजमान, म्हणजे वस्तीचे प्रमुख, काळय्या शेवटी म्हणाले, "आम्ही कागदावर नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही. आम्हाला कोणी विचारलंच नाही."

त्या एका वाक्यावर अक्का चार वर्षं लढल्या. मी त्यांच्यामागे फायली घेऊन फिरलो. तारखा पडत, साक्षीदार बस चुकल्यामुळे येत नसत, आणि अक्का समोरच्या वकिलाशीही कधी चढ्या आवाजात बोलत नसत. अखेर ती संमती रद्द झाली. ग्रामसभा नव्याने, नियमाप्रमाणे घ्यावी असा आदेश आला. आम्ही जिंकलो, असं मी धरून चाललो. हाडी नाही म्हणणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

नव्या ग्रामसभेआधी अक्कांनी जी तयारी करून घेतली ती बघून कंपनीचे अधिकारी वैतागले. निवासाची हद्द त्यांनी नकाशावर दाखवू दिली नाही. चुना टाकून जमिनीवर आखायला लावली, म्हणजे चालत जाऊन कोणालाही पाहता येईल. सगळं हाडीच्या बोलीत सांगायला हाडीचीच दोन माणसं उभी केली. सांगणं आणि ठरवणं यांत आठ दिवसांचं अंतर ठेवायला लावलं. त्या आठ दिवसांत अक्का हाडीकडे फिरकल्या नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही.

"त्यांना आपली बाजू समजावायला नको?" मी विचारलं.

"आपली कुठली बाजू?" अक्का म्हणाल्या.

मला वाटलं त्या थकल्या असतील.

ग्रामसभा चिंचेखाली झाली. बायका पुढे बसल्या. सर्वांत आधी काळय्या बोलले. तळ्यापलीकडे आपल्या देवाची जागा आहे, आजपर्यंत परक्याने तिथे रात्र काढलेली नाही, मला हे नको, असं म्हणून ते खाली बसले. मग पुट्टम्मा उठल्या. त्यांनी आपल्या सुनेची गोष्ट सांगितली. बाळंतपणात अडलेल्या तिला झोळीत घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत निघाली, आणि रस्ता यायच्या आत ती गेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "कंपनीवाले हाडीपर्यंत रस्ता करून देतात तर मला हा निवास पाहिजे. देवाची जागा सोडून, मधाच्या झाडांची वाट सोडून, बाकी बांधा."

दुपार कलेपर्यंत बोलणं चाललं. मग हात वर झाले. हाडी हो म्हणाली. काळय्या आणि आणखी काही जण सोडून सगळे.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. तरी त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढले, पुट्टम्मांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि अटी लिहायला लागल्या. प्रत्येक अट तीनदा वाचून दाखवली. अट मोडली तर ग्रामसभेला संमती मागे घेता येईल, ही शेवटची ओळ सोडली तर त्यांनी आपलं म्हणून एक अक्षर घातलं नाही. त्या ओळीबद्दलही आधी विचारलं.

परतीच्या बसमध्ये मी गप्प राहू शकलो नाही.

"अक्का, चार वर्षं आपण यासाठी लढलो? तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्यांनी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं, अलवा? हो ना?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हणून तर बोलले नाही."

"पण चूक होतंय असं तुम्हाला वाटत होतं ना?"

"वाटत होतं. अजून वाटतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुट्टम्मांच्या सुनेला खांदा देणाऱ्यांत मी नव्हते, रघुनाथ. मला काय करायचं होतं ते मलाच नीट समजेना झालंय. तू मला आत्ता विचारू नको."

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांची कचेरी सोडली. कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. सात महिने आमची भेट नव्हती.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. जोखीम मोठी, पण केली तर काही वर्षं मिळतील, असं म्हणाले. थोरले भाऊ अण्णा आणि मी, आम्ही तारीख ठरवली. आईला सांगितलं, किरकोळ आहे. बातमी कशी पोचली कोण जाणे, एका संध्याकाळी अक्का मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आल्या. माझं निघून जाणं, कचेरी, हाडी, कशाचाही उल्लेख नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी अण्णांना विचारलं, "मी वैनींशी बोलले तर चालेल?" अण्णा हो म्हणाले.

अक्का आईच्या पलंगावर बसल्या. "वैनी, काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे?"

आई म्हणाली, "मला कोणी सांगत नाही. सगळे बाहेर पडवीत जाऊन बोलतात. मी भिंतीकडे तोंड करून झोपले की त्यांना वाटतं झोपले."

मी दाराशी उभा होतो. तिथून मला जाता आलं नाही आणि आत येता आलं नाही.

डॉक्टरांना घरी बोलावून आईला सगळं सांगावं लागलं. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "बेडा. कापाकापी नको. घरी राहते." पुढचा दसरा तिने उंबऱ्याशी खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत काढला. त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. अण्णांना आजही वाटतं की शस्त्रक्रिया केली असती तर आई आणखी जगली असती. त्यांनी अक्कांशी बोलणं टाकलं, ते कायमचं. माझं विचाराल तर अण्णा चुकले असंही मला म्हणता येत नाही. आईच्या तेराव्यानंतर मी पुन्हा कचेरीत गेलो एवढं खरं. माझी खुर्ची होती तिथेच होती आणि तिच्यावर कोणी फायली ठेवल्या नव्हत्या.

हाडीचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. रस्ता झाला. निवास झाला. हाडीतल्या काही मुली तिथे कामाला लागल्या. तिसऱ्या वर्षी निवासाच्या लोकांनी मधाच्या झाडांकडे जाणाऱ्या वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. एक दिवस पुट्टम्मांची नात मादेवी कचेरीत आली आणि तिने अक्कांपुढे कागद ठेवले. हाडीने आपली आपण ग्रामसभा भरवली होती, अटींचा कागद वाचला होता, संमती मागे घेत असल्याचा ठराव लिहून जिल्ह्याच्या कचेरीत देऊन पोचही घेतली होती. महिन्याभरात फाटक निघालं आणि हाडीने ठराव स्थगित केला. मादेवी फक्त दाखवायला आली होती.

अक्कांनी ठराव दोनदा वाचला. "मला का बोलावलं नाहीत?"

"गरज नाही पडली अक्का," मादेवी साधेपणाने म्हणाली.

अक्का हसल्या. ती गेल्यावर मात्र बराच वेळ चष्मा हातात घेऊन बसून राहिल्या. त्या सुखावल्या होत्या की दुखावल्या होत्या, हे मी तीस हात लांबूनही सांगू शकतो असा माझा समज होता. त्या दिवशी दोन हातांवरून सांगता आलं नाही.

काळय्या आता फार म्हातारे झाले आहेत. नव्या रस्त्यावर त्यांनी अजून पाऊल ठेवलेलं नाही. रानातल्या जुन्या वाटेनेच येतात जातात. मी त्यांना एकदा विचारलं, यजमान, जे झालं ते बरं झालं की वाईट? "गोत्तिल्ल," ते म्हणाले. ठाऊक नाही. आणि मग माझ्यासाठी चहा सांगितला.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो घेऊन बोगादीला गेलो. अक्का आता तिथे धाकट्या बहिणीबरोबर राहतात. त्यांनी पेन्सिल घेऊन सगळा वाचला. बसमधलं बोलणं खोडतील असं मला वाटलं होतं. तिथे त्यांनी हात लावला नाही. पुट्टम्मांच्या नावाखाली मात्र रेघ मारली.

"यांना विचारलंस?"

"चांगलंच लिहिलंय अक्का त्यांच्याबद्दल."

"चांगलं लिहिलंय ते मी वाचलं. विचारलंस का?"

दुसऱ्या दिवशी मी तीन तासांची बस धरली. पुट्टम्मा अंगणात बसल्या होत्या. मी सगळा लेख कन्नडमध्ये उलगडून, थांबत थांबत सांगितला. सुनेचा भाग आला तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, नाव राहू दे, सुनेचंही राहू दे, पण ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी आणि काळय्या तळ्यावर गेलो होतो आणि तिथे जे बोललो, ते काढ. मी का म्हणून विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, काढ.

तो भाग माझ्या मते या लेखातला सर्वांत चांगला होता, आणि त्यावाचून पुढचं नीट समजत नाही हेही मला कळतं. मी तो काढला आहे.

निघताना पुट्टम्मा म्हणाल्या, "अक्कांना सांग, रस्ता झालाय. आता बस अंगणापर्यंत येते. जमेल तेव्हा या म्हणावं, कागद न घेता." अक्का, हा निरोप मी या ग्रंथातूनच पोचवतो, म्हणजे सगळ्यांसमक्ष राहील. तुमचे गुडघे तीन तासांच्या बसला पुरून उरोत, कान असेच तिखट राहोत, आणि शंभरी गाठेपर्यंत आम्हाला न आवडणारे प्रश्न तुम्ही विचारत राहा. या रविवारी मी बोगादीला येतो. सोबत हाडीला जायची तुमची इच्छा असेल तर तसं सांगा. तिकिटं मी अजून काढलेली नाहीत.