टेकडीवरचा बाक

गल्लीत तिला सगळे टेकडीवाली काकू म्हणत. वीटभट्टीवाला टेकडी पोखरायला निघाला, तेव्हा हिनेच दारोदार फिरून माणसं गोळा केली, ट्रस्ट काढला आणि टेकडी विकत घ्यायला लावली. वर कुणी काहीही उभारायचं नाही, ही अटही तिचीच. "आज बाक, उद्या टपरी, परवा बंगला!" हे तिचं पालुपद. पोरं नाक फेंदारून त्याची हुबेहूब नक्कल करत.

रोज संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर माथ्यावर जायची. तो गेला आणि पाठोपाठ तिचे गुडघेही गेले. आता वाटेत टेकायला जागा मिळाली, तरच चढणं जमणार होतं.

ट्रस्टच्या बैठकीत शिंपीदादांनी विषय काढला. "एकच बाक ठेवू या, काकूंसाठी." अट मोडायची तर एकूणएक सदस्याचा हात वर व्हायला हवा, असा नियम होता. हात भराभरा वर गेले.

टेकडीवर हॉटेल बांधायला टपलेला एक कंत्राटदार मागून हसला. "चला, अट वाकते म्हणायची! मग माझ्या हॉटेलचंही बघा."

सगळे खो खो हसले. काकूंचा हात मांडीवरच राहिला.

"अहो काकू, तुमच्यासाठीच आहे ना!" शिंपीदादा म्हणाले.

"म्हणूनच नको."

घरी सुनेने विचारलं, "आई, मग आता वर कशा जाणार?"

"नाही जाणार." काकूंनी दारामागचे चढणीचे बूट उचलले, फडक्याने पुसले आणि तिच्या हातात दिले. "कुणाला तरी देऊन टाक. तळ अजून चांगले आहेत."