रुचिरा आणि वजनकाट्याचा ड्रायव्हर

रुचिराला माणसं लवकर कळत, आणि एकदा कळली की सहसा आवडेनाशी होत. लग्न होऊन ती पुण्याहून नवीन पनवेलला आली, तेव्हा सासूबाईंनी शेजारणींना कौतुकानं सांगितलं, "आमची सून ड्रायव्हर लिहिते." शेजारणींना वाटलं, कुठल्या तरी ट्रान्सपोर्ट कंपनीत हजेऱ्या मांडत असेल. रुचिरानं तो गैरसमज कधी दूर केला नाही. ज्यांच्या डोक्यात शिरणार नाही त्यांच्यापुढे तोंड शिणवणं तिला मंजूर नव्हतं.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये ती कामाला जाई. बाहेरची यंत्रं कॉम्प्युटरला जोडायची कार्डं तिथं बनत. त्या कार्डांशी बोलणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात बसणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. साधा प्रोग्रॅम चुकला तर एकटा मरतो. ड्रायव्हर चुकला तर अख्खं मशीन बंद पडतं.

या एका भीतीवर धर्मराज सरांनी आपली खुर्ची टिकवली होती. पूर्वी ते स्टॅबिलायझर विकत, आता सॉफ्टवेअरचे प्रमुख झाले होते. टाय मात्र तोच होता. आत येणारं प्रत्येक आर्ग्युमेंट, म्हणजे काम सांगताना सोबत दिलेली माहिती, प्रत्येक फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्यानं, तपासायचं, असा त्यांचा नियम होता. पहिल्यानं तपासलेलं दुसऱ्यानं तपासायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. आणि काही वाकडं दिसलं तर? तर काही न करता मुकाट्यानं मागं फिरायचं आणि वर कळवायचं, सगळं ठीक आहे.

"कस्टमरला एरर दिसता कामा नये, मॅडम," ते म्हणत. "सेफ्टी!"

हा शब्द ते पेढ्यासारखा तोंडात घोळवत. रुचिरा त्यांच्या टायकडे बघत राही.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात उरणच्या रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावरून तक्रार आली. तिथं कंपनीचं कार्ड बसवलं होतं. भगवान नावाचा जवळच्या गावचा माणूस. मिठागरं बंदरासाठी गेल्यावर त्यानं ट्रक घेतले होते. त्याचा रिकामा ट्रक काट्यावर चढला आणि पावतीवर आदल्या भरलेल्या ट्रकचं वजन छापून आलं.

रुचिरानं कोड उघडला. चूक काट्याच्या प्रोग्रॅमची होती. ड्रायव्हरनं वजन मेमरीत कुठं लिहायचं तो पत्ता तो मधूनच चुकीचा देई. तो पत्ता पार तिसऱ्या फंक्शनपर्यंत पोचे, तिथं पकडला जाई, आणि ते फंक्शन सरांच्या शिस्तीत 'सगळं ठीक' म्हणून परत येई. मग प्रोग्रॅम बिनधास्त जुनंच वजन छापे.

"म्हणजे आपल्या तपासणीनं पकडलं की!" सर खूश झाले.

"पकडलं आणि लपवलं," रुचिरा म्हणाली. "बाहेरचा प्रोग्रॅम काहीही देईल, म्हणून तो आत येतो तिथंच तपासायचं आणि तोंडावर सांगायचं, चूक आहे. आतली फंक्शनं आपणच लिहिलीत. त्यांना चुकीचं काही मिळालं तर ती आपली चूक. ती लपवायची कशाला?"

"आणि मशीन बंद पडलं तर?"

"पडू दे. निदान खोटं तरी बोलणार नाही."

सरांनी टाय सारखा केला. त्यांना वाद नको होता, आणि कळलंही नव्हतं. रुचिरानं प्रोग्रॅमच्या बाजूला कडक पहारा बसवला आणि आतल्या साऱ्या तपासण्या उपटून टाकल्या. कोड निम्म्यावर आला. त्या आठवड्यात ती घरी गुणगुणत स्वयंपाक करताना दिसली, तेव्हा सासूबाईंना बरं वाटलं.

महिन्याभरात काट्यावरचं मशीन ठप्प झालं. चालू केलं की थोड्या वेळानं पुन्हा ठप्प. कंपनीच्या जीपनं रुचिरा तिथं पोचली, तेव्हा ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. भगवान पुढं आला.

"तुमीच काय ता यंत्र बनवनाऱ्या? पयला यंत्र खोटा बोलत व्हता, आता बोलतच नाय. माझी गारी सकालपासना उभी हाय. ह्याला शिकलेली मानसं म्हनायची?"

 हा माणूसही तिला आवडला नव्हता. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या मागची वायर तिनं हातात घेतली. खाऱ्या हवेनं टोकाला हिरवा गंज चढला होता. कार्डाला वायरी जोडायची आठ तोंडं. माहिती कितव्या तोंडाशी आली तो आकडा कार्ड ड्रायव्हरला देई. गंजलेल्या वायरीमुळं ते भलताच आकडा देत होतं, आणि तिचा ड्रायव्हर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून नसलेल्या तोंडाकडं धावत होता. हा आकडा अडवणारी तपासणी पूर्वी होती. तीही तिनं बाकीच्या कचऱ्याबरोबर फेकली होती.

तिला धर्मराज सरांपेक्षा स्वतःचा जास्त राग आला. बाहेरचं म्हणजे फक्त प्रोग्रॅम, असं कुणी सांगितलं होतं? वायर बाहेरची, कार्ड बाहेरचं. वरच्या दाराशी पहारा ठेवून खालचं दार तिनं सताड उघडं टाकलं होतं.

काट्याच्या केबिनमध्ये स्टुलावर बसूनच तिनं कार्डाचा आकडा हातात पडतो तिथं तपासणी घातली. आकडा भलता असेल तर तो टाकून द्यायचा, आणि वायर बघा, असं पडद्यावर दाखवायचं. मशीन चालू झालं. पडद्यावर ओळ उमटली. काट्यावरच्या माणसानं वायर पुसली, ओळ थांबली. भगवाननं वजन घेतलं, पावती उलटसुलट करून पाहिली आणि ट्रक काढला. आभार मानले नाहीत. तिला ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर मालकांसमोर म्हणाले, "मी सांगत होतो, सगळीकडे तपासायला हवं."

"सगळीकडे नाही," रुचिरा म्हणाली. "दोनच ठिकाणी. एक मी विसरले होते."

विसरले होते, एवढंच मालकांनी ऐकलं. त्या वर्षी सरांना पगारवाढ मिळाली, रुचिराला नाही. जुन्या तपासण्या परत घालायचा हुकूमही निघाला. तिनं सरळ नकार दिला. दुसऱ्या कुणाला तो कोड वाचता येत नव्हता, त्यामुळं हुकूम फाइलीत राहिला. पुढं कंपनी बंद पडेपर्यंत ती तिथंच होती. सर रोज "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणत आणि ती मान न वळवता "हं" म्हणे.