पडद्यावर पाहिलेलं हृदय

काहीही समजावायचं असलं की ते आधी टेबलावर थाप मारायचे. "बिल्कुल सोपं आहे!"

हरियाणात, मानेसरच्या आमच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे प्रमुख. माझ्यासारखेच मूळचे पुण्याचे, म्हणून कंपनीच्या बसमध्ये आमची मराठी चालायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यंत्राचा आवाज जरा बदलला तरी धावतात आणि स्वतःच्या तब्येतीचा विषय निघाला की हसतात.

कंपनीच्या तपासणीत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, थोड्याच दिवसांत त्यांनी ती सोडली. "अगं, दुखत नाही, खुपत नाही. कशाला घेऊ?"

मग ती सकाळ. बसमध्ये चढले ते गप्पच. ऐन थंडीत कपाळावर घाम, हात जबड्यावर.

"ॲसिडिटी. मुळ्याचा पराठा नडला."

"आणि छातीत?"

"जड वाटतंय जरा. डावा हातही."

मी उठून ओरडले, "भैया, बस अस्पताल ले चलो!" ते मला रागावायला गेले, पण आवाजच फुटेना.

ईसीजी पाहताच डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चघळायला दिली. हार्ट अटॅक होता. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडली होती, ती लगेच उघडायला हवी होती. ते म्हणाले, "मुलगी मुंबईहून येऊ दे, मग बघू." मी त्यांच्या बायकोला, काकूंना, फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. काकू एवढंच म्हणाल्या, "पंप बंद पडत असताना तुम्ही कारखान्यात कुणाची वाट बघता का?"

त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर डोळे चमकत होते. "अगं, सगळं समोर पडद्यावर दिसत होतं! मनगटातून नळी घातली, रंगाचं औषध सोडलं, तर एका जागी वाटच बंद! मग फुगा फुगवला, स्टेंट म्हणजे बारीक जाळी बसवली आणि एकदम धार सुटली! माझं स्वतःचं हृदय, यार!" नर्स गप्प करायला आली, तर तिलाही पहिल्यापासून ऐकवलं.

कामावर परतल्यावर कँटीनमध्ये हेच. "कोलेस्टेरॉल दुखत नाही, हीच त्याची लबाडी. आत थर साचत जातो. तो फुटला की गुठळी, मग खेळ मिनिटांचा!" स्वतःची गोळी आता सगळ्यांसमोर, ऐटीत घ्यायचे.

एकदा विचारलं, "भीती नाही वाटली?"

त्यांनी गोळ्यांची पट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "फोनवर हिचा आवाज ऐकला तेव्हा वाटली. वाटलं, हा शेवटचा ऐकतोय."

निवृत्त होऊन ते पुण्याला गेले. परवा व्हिडिओ कॉल आला. टेकडी चढून वर पोहोचले होते, मागून काकू "हळू, हळू" करत होत्या. "थांब, तुला काहीतरी ऐकवतो," म्हणाले आणि त्यांनी मोबाइल छातीला लावला. चित्र अंधारलं. वाऱ्याच्या घोंघाटाशिवाय काही ऐकू येईना. तरी मी फोन कानाशी धरून उभी राहिले.