सोबतीचा चौकोन

वंदना मेश्राम गेल्याचं मला तिच्या नवऱ्याच्या, सुधाकररावांच्या फोनवरून कळलं. मी पुण्यातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "भाऊ, वंदना सकायी वारली," ते म्हणाले, आणि लगेच माझी मुलगी कितवीत आहे ते विचारलं. मीही उत्तर दिलं. पुन्हा आत जाऊन बसलो, तर पडद्यावर कुठल्याशा नव्या सॉफ्टवेअरचे चौकोन आणि बाण. वंदना असती तर म्हणाली असती, एवढे बाण कायले पाह्यजेत बापा? या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोडच लिहावं अशी रीत आहे. पण आमचं दोघांचं कधी धड पटलंच नाही, तेव्हा जे होतं ते लिहितो.

यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती कळंबची. वडील दुसऱ्यांच्या बैलगाड्या हाकायचे. कापूस घेऊन ते एकदा खरेदी केंद्रावर गेले की कधी परततील ते कोणी सांगू शकत नसे, आणि त्यांची वाट बघत दारात बसणं हे तिच्या लहानपणातलं मोठं काम होतं. पुढे ती कॉलेजात शिकवायला लागली आणि मी बसस्टँडजवळ दोन कम्प्युटर मांडून सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला. कॉलेज सुटलं की तीही तिथे कामाला यायची. मी आधी कोड लिहिणारा, ती आधी चित्र काढणारी. तिचं म्हणणं असं, की ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं त्याच्या जगातली एकेक गोष्ट म्हणजे एकेक चौकोन, आणि त्यांची नाती म्हणजे रेघा. हे चित्र जुळलं की थोडंसंच बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, चुकलेलं बघायचं, चित्र बदलायचं, परत बनवायचं. याला ती 'फेरा' म्हणे. अशी चित्रं काढायचं सॉफ्टवेअरही मिळायचं, पण आमच्याकडे वीज असायची कधी! ती मोठमोठ्या कागदांवर स्केचपेननं काढायची आणि फेरा झाला की कागद फाडून टाकायची. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, आणि जे एक-दोन सरकारी खरेदीचे वजनकाटे सुरू होते त्यांच्यासमोर बैलगाड्यांच्या रांगा. महागावच्या बाजूच्या अशाच एका केंद्रानं आमच्याकडून नंबर देणारं सॉफ्टवेअर मागितलं. गाडी आली की नोंद करायची, मोजमापाचा दिवस लिहिलेली चिठ्ठी द्यायची, म्हणजे माणूस घरी जाईल आणि त्या दिवशी परत येईल. केंद्राच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, या हंगामात रांग हटली तर कम्प्युटर राहील, नाही तर उचलून न्या. वंदनानं कॉलेजातून बिनपगारी रजा काढली. मी म्हटलं, "एवढं काय आहे त्यात? आठवड्याचं काम." ती म्हणाली, "तुह्या बापानं कधी रांगेत रात्र काढली काय?" विषय संपला.

पहिल्या फेऱ्यात 'शेतकरी' हा एक चौकोन, 'गाडी' हा दुसरा, मध्ये सरळ रेघ. कागद घेऊन ती रांगेत फिरली आणि हसं झालं. एका गाडीत दोन-तीन घरांचा कापूस असतो, हे आमच्या चित्रात नव्हतंच. रेघ बदलली. दुसऱ्या फेऱ्यात सगळं चोख चाललं. चिठ्ठ्या छापून निघत होत्या, दिवस बरोबर येत होते. फक्त घरी कोणी गेलं नाही! चिठ्ठ्या खिशात घालून मंडळी जागच्या जागी, चुली पेटलेल्या, बैल रवंथ करताहेत. मी म्हटलं, आपलं काम झालं, लोक अडाणी त्याला आपण काय करणार? वंदना माझ्याकडे न बघता एका गाडीवानाजवळ जाऊन बसली. "दादा, तुमचा नंबर तं सोमवारचा हाये. काहून नाही गेले घरी?"

"कसा जाऊ बाई? त्या गाडीचा बुधवारचा निंघाला, त्याचा शुक्रवारचा. आमी एका गावचे, संग आलो. मधात जंगल लागते. अन् ह्या गाडीले एक बैल माहा, एक त्याचा."

ती तिथेच मातीत बसून कागदावर नवा चौकोन काढायला लागली. आत लिहिलं, 'सोबत'. मी भडकलो. "सोबत ही काय वस्तू आहे? तिला वजन नाही, सातबारा नाही, चौकोन कसला काढतेस?"

"तिच्यावाचून गाडी हालते काय? नाही ना? मंग हाये चौकोन. लिही कोड."

एकेका गाडीला नव्हे, एका गावाहून जितक्या गाड्या संग आल्या तेवढ्यांना मिळून एक दिवस. कोड मी लिहिला, कुरकुरत लिहिला. माझं अजूनही म्हणणं आहे की त्या चौकोनाला दुसरं नाव चाललं असतं. तिसरा फेरा सुरू झाला आणि दुपारपासून गाड्या जुंपायला लागल्या. संध्याकाळी आवारात नुसतं शेण, कडबा आणि विझलेल्या चुली. अध्यक्ष जीपमधून उतरले आणि किंचाळलेच, "माणसं कुठं गेली? सारा कापूस व्यापाऱ्यायकडे गेला काय?" वंदना म्हणाली, "घरी गेले साहेब." आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. मला वाटलं हसतेय. आत जाऊन बघतो तर रडत होती.

ते सॉफ्टवेअर तेवढा एक हंगाम चाललं. पुढच्या वर्षी खरेदीच आटली, केंद्राला कुलूप लागलं, मी पुण्याला आलो. फोनवर भांडणं मात्र चालू राहिली. यंदा तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. केस गेले होते, जीभ शाबूत होती. "औषधाचा तिसरा फेरा झाला रे," म्हणाली, "प्रत्येक फेऱ्यानंतर डॉक्टरले विचारतो, काय बदललं? काहीच नाही. तरी चौथा लावून राह्यले. काम होत नसलं तं फेरा थांबवा लागते. या डॉक्टरायले सांग, मले घरी जायचं हाये." सुधाकरराव खाली मान घालून उभे होते. मी डॉक्टरांची बाजू घेऊन भांडलो. शेवटचं भांडण तेच. ती जिंकली, सुधाकरराव तिला कळंबला घेऊन गेले.

परवा कळंबला गेलो. पुढच्याच खोलीत दाराकडे तोंड करून तिची खाट होती, चादर नीट घातलेली. शेवटचे दिवस ती इथेच पडून रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची, झोपही तिला इथेच लागायची. खोली लहान, खाट मोठी. भेटायला आलेली माणसं अंग चोरून भिंतीला टेकत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "खाट आत नेऊन ठेवू का? मी हात लावतो."

सुधाकररावांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "कायले नेता भाऊ? एवढी भांडून घरी आली ते. राहू द्या तिले घरी."