रिकाम्या जागेवरचं क्लिक

वेधशाळेत आम्ही तिला ताई म्हणतो. ती खगोलशास्त्रज्ञांसाठी पडद्यावरचे आलेख बनवते. एका आलेखात ठिपक्यांभोवती माउसने कुंपण घातलं, की तेच तारे शेजारच्या आलेखांतही उजळतात. झपाट्याने मंद होत चाललेले तारे असे निवडून त्यांची यादी संध्याकाळपर्यंत मोठ्या दुर्बिणीकडे पाठवायची होती. नाहीतर यंदाची निरीक्षणाची संधी गेली.

सकाळपासून ताई एकेक ठिपका पारखत होती. दुपारी आमचे विभागप्रमुख सर आले. "बघू गं," म्हणत त्यांनी माउस घेतला आणि रिकाम्या जागेवर क्लिक केलं. उजळलेले सगळे ठिपके पुन्हा करडे झाले.

"अहो सर! तिथे क्लिक केलं की निवड पुसली जाते!"

"मग मागे घे की."

"मागे घ्यायची सोय करायला वेळ कुठे देता? चार महिने नुसते आलेखांचे रंग बदलून घेताय माझ्याकडून."

सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली. ताईने दात-ओठ खात पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळी निम्मेच तारे पाठवता आले.

"उरलेले पुढच्या वर्षी," सर म्हणाले. "तारे काय पळून जातायत?"

"पुढच्या वर्षी ते दिसणार नाहीत, सर. म्हणून तर निवडले होते."