दारापुढच्या नऊ फरशा

आमच्या गावाला वरवट बकालहून रस्ता लवकर आला, गोड पाणी यायला मात्र फार वर्षं लागली. तोवर बोअरचं खारं पाणी. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. प्यायचं पाणी नदीकाठच्या विहिरीवरून डोक्यावर यायचं, आणि ते डोकं अर्थातच आईचं असायचं.

बीटी कापूस नवानवा आला होता. त्या सुरुवातीच्या एका हंगामात वडिलांच्या शेतात मनासारखा कापूस झाला. गावात कुणी मोटारसायकल घेतली, कुणी टीव्ही. वडिलांनी अंगण करायचं काढलं. वेचलेला कापूस मातीवर टाकला की त्यात कचरा जातो, म्हणून अंगण पक्कं हवं. लाकडी साच्यात सिमेंट-रेतीचा माल ओतून चौकोनी फरशा घरीच पाडायचं ठरलं. शेजारच्या गावचे मिस्त्री चाचा कामाला आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "भाऊ, मालाले गोड पानी पायजे. खाऱ्या पान्यानं फरशी खराब होते."

"पानी ते पानी," वडील म्हणाले. "प्याचं पानी काय सिमेंटले पाजू?"

वडिलांनी एकदा म्हटलं की विषय संपला. चाचांनी बोअरच्या पाण्यात माल कालवला. पण एक दिवस वडील कापूस घेऊन खामगावला गेले आणि आईनं पदर खोचला. दिवसभर तिनं विहिरीच्या खेपा घातल्या, घरातले भरलेले हंडेही मालात रिकामे केले. मी तेव्हा बारावीला होते. दोन-चार खेपा माझ्याही. त्या दिवशी दारापुढच्या नऊ फरशा झाल्या. पुढचे आठ दिवस त्यांच्यावर आई गुपचूप गोडच पाणी मारत होती. चाचा गालात हसायचे, बोलायचे नाहीत.

त्या अंगणाचं सुख मात्र आम्ही मनसोक्त भोगलं. दिवाळीच्या सुमारास कापसाचा ढीग पार ओसरीपर्यंत यायचा. दुपारी फरशा कोमट व्हायच्या, आणि ढिगाला टेकून मी अभ्यासाचं नाटक करत मस्त झोपायचे. तशी झोप मला पुढे कुठल्याच गादीवर लागली नाही.

दोन-तीन वर्षांत फरशांवर पांढरा खार फुलला. वरचे पापुद्रे निघाले, गिट्टी उघडी पडली. दारापुढच्या नऊ तेवढ्या गुळगुळीत राहिल्या. वडील पाहुण्यांना त्याच दाखवायचे. "हा माह्या देखरेखीतला माल. बाकीच्या टायमाले सिमेंटच भेसळीचं निंघालं." आई शेजारी तांदूळ निवडत असायची आणि मान वर करायची नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. "सांगून टाक ना एकदाचं," मी आत जाऊन म्हणायचे. "जाऊ दे वं," ती म्हणायची, "त्यायचं आंगन हाय."

पुढे बोंडअळी बीटीलाही जुमानेना. त्याच अंगणात किडकी बोंडं निवडत बसायची वेळ आली. एका वर्षी तर सगळा कापूस त्या नऊ फरशांवरच मावला. त्या वर्षी वडील पाहुण्यांना काही दाखवत नव्हते.

मागच्या वर्षी आई उखडलेल्या फरशीला ठेचकाळून पडली. भावानं ठरवलं, सगळं फोडायचं आणि कारखान्यातले तयार सिमेंटचे गट्टू बसवायचे. वडील विरोधात काही बोलले नाहीत, पण त्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. शेत भावाच्या मर्जीवर गेलेलं. त्यांचं म्हणून दाखवायला एवढं अंगणच उरलं होतं. म्हणून मी खामगावच्या माझ्या घरून आले आणि चाचांना बोलावलं.

चाचा आता म्हातारे झालेत. तरी त्यांनी हातोडीनं एकेक फरशी ठोकून पाहिली. "वरची साल गेली, पोट शाबूत हाय," ते म्हणाले. तारेच्या ब्रशनं घासायचं, चार-पाच वेळा धुऊन खार काढायचा, मग बारीक रेती-सिमेंटचा पातळ थर आणि आठ दिवस पाणी. "पन सारं नळाच्या गोड पान्यानं. बोअरचं मारसान तं मी हात लावत नाही."

वीस वर्षं वडील सांगत आले होते की दोष पाण्याचा नव्हताच. आता हो म्हणायचं तर ते सगळं गिळावं लागणार. नाही म्हणायचं तर गट्टूवाल्याला बोलवायला माझा भाऊ फोन हातात घेऊन उभाच होता. वडील काठीशी चाळा करत राहिले.

चाचा मुरलेला माणूस. त्यांनी हळूच वडिलांना विचारलं, "भाऊ, ह्या दारापुढच्या नऊ काऊन नाही उखडल्या?"

आता 'माह्या देखरेखीतला माल' येणार म्हणून मी ओठ दाबून धरले. वडिलांनी शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे पाहिलं.

"त्या दिवशी खामगावून आलो तं लय तहान लागली होती," ते म्हणाले. "माठ रिकामा, हंडे रिकामे. बोअरचं प्यालो अन् झोपलो. मले तवाच समजलं होतं."

आईचा तांदळातला हात थांबला. "मंग इतके वर्षं काऊन बोलले नाही?"

"लाज वाटे," वडील म्हणाले. मग चाचांकडे वळून, "नळाचंच पानी घ्या, मिस्त्री."

आई भिंतीला धरून उठली आणि आत गेली. ती रडायला गेली असं मला वाटलं, कारण मला स्वतःलाच रडू येत होतं. ती बाहेर आली ती माठातल्या पाण्यानं भरलेला गिलास घेऊन. तिनं तो वडिलांच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "त्या दिवसचं राह्यलं होतं."