चांदीचं कडं आणि घरातल्या गाठी

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटात बसवलेलं कडं करंगळीतल्या अंगठीएवढं होतं. चांदीची बारीक तार गुंडाळून केलेलं. मुलीच्या बाळंतपणात मी तीन दिवस अडले होते, त्यातून वाचले हेच पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. चार वर्षं तरी दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणून हे कडं. आमच्या आष्टीत असली सोय नव्हती, म्हणून निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जावं लागलं. यजमान तहसील कचेरीत कारकून, फारसे बोलणारे नव्हेत. परत येताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई आमचं गाठोडं उसकटत होता, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

सासूबाईंनी दोन वर्षं वाट पाहिली. मग सुईणीला बोलावून माझं पोट चाचपायला लावलं. सुईण म्हणाली, "कूस बांधलीय कुणीतरी." बाई अगदीच खोटं बोलली असं नाही.

बांधलेली कूस मोकळी करायची आमच्या घरची रीत ठरलेली होती. दर महिन्याला सुनेचं चौथ्या दिवशीचं न्हाणं झालं, की घरातली प्रत्येक गाठ सोडायची आणि प्रत्येक कुलूप उघडायचं. माझ्या डोक्यावरून पाणी पडलं रे पडलं, की सासूबाई कामाला लागत. पेट्यांची कुलपं, पोत्यांची तोंडं, माझी वेणी, काही म्हणून सुटत नसे. एकदा दाव्याची गाठ सोडली, तर गाय शेजाऱ्याची ज्वारी खाऊन आली. एकदा यजमानांनी कचेरीतून घरी आणलेला कागदांचा बस्ता सोडला. लाल फडक्यात बांधलेले तीन गावांच्या जमिनींचे कागद एकमेकांत मिसळले. सगळे उर्दूत, म्हणजे घरात दुसऱ्या कुणाला लावताही येईनात. तहसीलदारसाहेबांनी भर कचेरीत यजमानांची खरडपट्टी काढली. घरी येऊन ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घालून भाकरी थापत होते. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

मग चौसाळ्याचे चुलतसासरे आले. मुलाचं दुसरं लग्न करा, असं सांगायलाच आले होते. सासूबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "कूस बांधलीय तिची. मोकळी हुईल. दुसरी कशाला पायजे?" मी माजघरात उभी राहून ऐकत होते. त्या दिवसापासून मला बस्त्याचं हसू आलं नाही.

चार वर्षं भरली. मुलगी अंगणात पळत होती आणि मला दुसरं मूल हवं होतं. कुणी म्हणत होतं म्हणून नव्हे, मलाच हवं होतं. माहेरचं निमित्त काढून आम्ही पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी आकड्यासारखं एक हत्यार घातलं, जीवघेणी कळ आली आणि कडं बशीत पडलं.

"आत काही बिघडलंय का?" मी विचारलं.

"काही नाही. पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात."

चांदी टाकवेना. कडं चिंधीत बांधून आणलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं.

पुढच्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. असे पाच महिने गेले. कडं होतं तोवर मूल नसण्याला कारण होतं. आता कारणही नव्हतं. चार वर्षांत माझी कूस कायमची मिटली असेल, या भीतीनं मला अन्न गोड लागेना. सहाव्या न्हाण्याला मी ओल्या केसांनीच उठले आणि सासूबाईंच्या आधी पोत्यांची तोंडं सोडायला बसले. माझी मलाच लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

सासूबाईंनी पाहिलं. त्यांनाही जोर आला असावा. नुसतं कुलूप उघडून भागेना, त्यांनी माझी पेटीच उपसली.

"ही एक गाठ राहिली की गं," म्हणत त्यांनी चिंधी सोडली आणि कडं दाराच्या उजेडात धरलं.

तुटक्या दागिन्याचा तुकडा म्हणून सांगता आलं असतं. मी सगळं खरं सांगितलं, पहिल्या नगरच्या खेपेपासून.

त्या म्हणाल्या, "अन् मी येड्यावानी बस्ते सोडीत बसले. लई हसली असशील मला."

"हसले, आत्याबाई. आधी आधी."

"मला कावून सांगितलं न्हाईस? मी काय तुला मरू दिली असती?"

 

त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आणि पुढच्याच महिन्यात माझं न्हाणं चुकलं. पंधरा दिवस थांबून मी यजमानांच्या आधी त्यांना सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून उठल्या, पेट्यांना कुलपं घातली, पोत्यांची तोंडं आवळली, मला समोर बसवून डोकं दुखेल इतकी घट्ट वेणी घातली. यजमान आंघोळीला गेले होते. कोनाड्यातल्या त्यांच्या बस्त्याला सासूबाईंनी एकावर एक चार गाठी मारल्या.

"आता दिवस भरंपर्यंत कुनी काय सोडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् बाळंतपणाला नगरलाच जायचं. ह्या खेपेला मी संगं येनार."